बातमीला खळ चढवणारे 'डॉक्टर'

इंग्रजी वर्तमानपत्रे चाळताना 'स्पिन डॉक्टर' हा शब्द अधूनमधून नजरेस पडतो. कधीकधी मराठी मजकुरातही तो जसाच्या तसा येतो. मध्यंतरी आमच्या पेढीवर बसलेल्या एका तरुण कारखानदाराने तो वाचला आणि विचारले, "चाचा, हा सूतगिरणीतला डॉक्टर का?" आम्हाला हसू आले. पण खरे सांगायचे तर हा शब्द प्रथम वाचला तेव्हा आमच्याही मनात सूतगिरणीच आली होती. ज्याची सारी उमर सुतात आणि कापडात गेली, त्याला 'स्पिन' म्हटले की कातणेच आठवणार.

या 'स्पिन'चा मात्र चरखा-चातीशी संबंध नाही. तो चेंडूचा आहे. आपल्या पोरांना क्रिकेटमधला स्पिन ठाऊक आहे. चेंडू तोच, वजन तेच, पंचाला हरकत घ्यायला जागा नाही. फक्त सोडताना बोटांनी अशी फिरकी द्यायची की टप्पा पडल्यावर तो भलत्याच दिशेला वळावा आणि फलंदाजाने आपल्या हाताने झेल द्यावा. 'डॉक्टर' म्हणजेही इथे इलाज करणारा हकीम नव्हे. इंग्रजीत हा शब्द क्रियापद म्हणून वापरला की त्याचा अर्थ फेरफार करणे, भेसळ करणे असाही होतो. खेळपट्टी 'डॉक्टर' केली असे क्रिकेटच्या बातमीत म्हणतात ते याच अर्थाने. दोन्ही शब्द जोडले की माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. खोटे न बोलता खऱ्या गोष्टीला आपल्या मालकाच्या फायद्याची फिरकी देणारा तो स्पिन डॉक्टर.

छापील मजकुरातला याचा ठळक दाखला अमेरिकेतला आहे. १९८४ साली राष्ट्राध्यक्षपदासाठी रोनाल्ड रेगन आणि वॉल्टर मॉन्डेल यांच्यात लढत होती. २१ ऑक्टोबरला दोघांची दुसरी जाहीर चर्चा व्हायची होती. त्याच दिवशी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या संपादकीयात लिहिले गेले की चर्चा संपताच दोन्ही बाजूंचे उंची पोशाखातले सल्लागार पत्रकारांमध्ये फिरू लागतील आणि आपलाच उमेदवार कसा जिंकला हे मोठ्या खात्रीने सांगतील. हेच ते स्पिन डॉक्टर. पुढे अशा जागेला 'स्पिन रूम' असे नावच पडले आणि पत्रकार तिथे आपल्या पायांनी जाऊ लागले.

ब्रिटनमध्ये हा शब्द फोफावला तो टोनी ब्लेअर यांच्या मजूर पक्षाच्या काळात. पीटर मँडेल्सन आणि अ‍ॅलिस्टर कॅम्पबेल ही नावे त्याला कायमची चिकटली. मँडेल्सन पूर्वी दूरचित्रवाणीवर कार्यक्रम तयार करीत, तर कॅम्पबेल 'डेली मिरर'चे राजकीय संपादक होते. म्हणजे बातमी कशी शिजते, कोणत्या वेळी पत्रकार घाईत असतो, कोणता मथळा त्याला हवा असतो, हे त्यांना आतून ठाऊक होते. ज्याने मागावर काम केले आहे त्यालाच कापडातला दोष कुठे लपवावा हे कळते, तशातली ही गोष्ट.

या शब्दाच्या वापरात एक गंमत आहे. तो नेहमी दुसऱ्याबद्दल वापरला जातो. आपला माणूस असेल तर तो 'माध्यम सल्लागार', 'प्रवक्ता', 'जनसंपर्क अधिकारी'. समोरच्याचा असेल तर 'स्पिन डॉक्टर'. कोणी आपल्या दारावर ही पाटी लावत नाही. शिवाय जो पत्रकार सकाळच्या अंकात नाक मुरडून हा शब्द लिहितो, तोच संध्याकाळी त्याच डॉक्टरला फोन करतो, कारण बातमी त्याच्याकडेच असते. दुसऱ्या दिवशी ती 'विश्वसनीय सूत्रांनी सांगितले' म्हणून छापून येते. डॉक्टर आणि पत्रकार हे भांडणारे शेजारी खरे, पण दोघांची विहीर एकच आहे.

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. तिथे व्याकरणाच्या तासाला मौलवीसाहेबांनी वाक्याचे दोन प्रकार शिकवले होते, जुमला-ए-खबरिया आणि जुमला-ए-इन्शाइया. ज्या वाक्याला 'हे खरे' किंवा 'हे खोटे' म्हणता येते ते खबरिया. 'पाऊस पडला' हे झाले खबरिया. आणि ज्यात हुकूम, विनंती, इच्छा, प्रश्न असतो ते इन्शाइया. 'छत्री घे' या वाक्याला खरे किंवा खोटे म्हणता येत नाही. तेव्हा हे पाठ करताना कंटाळा येई. आता वर्तमानपत्र वाचताना तोच धडा कामाला येतो. स्पिन डॉक्टरची सारी करामत या दोन प्रकारांच्या मधल्या फटीत आहे. तो आपल्या हाती वाक्य देतो खबरियाचे, पण त्याच्या पोटात असतो इन्शाइया. वर लिहिलेले असते 'असे घडले', आत लपलेले असते 'विकत घे', 'मत दे', 'घाबर'. आपण वाक्य खरे की खोटे हे तपासत बसतो, ते खरे निघते आणि आपण निर्धास्त होऊन आतला हुकूम पाळतो.

आपल्या धंद्याशी निगडित असलेला एक जुना किस्सा याचा उत्तम नमुना आहे. एडवर्ड बर्नेज हे अमेरिकेतले प्रसिद्धीच्या धंद्यातले उस्ताद. 'स्पिन डॉक्टर' हा शब्द रूढ होण्याच्या पन्नास वर्षे आधीपासून ते तेच काम करीत होते. लकी स्ट्राइक सिगारेट बनवणारी अमेरिकन टोबॅको कंपनी त्यांची ग्राहक होती. त्या काळी या सिगारेटचे पाकीट गडद हिरवे असे. १९३४ साली असे आढळून आले की स्त्रिया हे पाकीट घ्यायला कचरतात, कारण तो हिरवा रंग त्यांच्या कपड्यांशी जुळत नाही. बर्नेज यांनी सुचवले, पाकिटाचा रंग बदला. कंपनीचे प्रमुख जॉर्ज वॉशिंग्टन हिल म्हणाले, या पाकिटाच्या जाहिरातीवर लाखो डॉलर खर्च झाले आहेत, रंग बदलणार नाही. तेव्हा बर्नेज यांनी ठरवले की पाकीट बदलत नसेल तर स्त्रियांच्या कपड्यांचा रंग बदलू.

आपल्यापैकी कोणी हे ऐकून म्हणेल, असे कसे होईल? पण झाले. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात एका धर्मादाय रुग्णालयाच्या मदतीसाठी थाटाचा समारंभ ठरला. त्याचे नाव 'ग्रीन बॉल', म्हणजे येणाऱ्या प्रत्येक स्त्रीने हिरवा पोशाख घालायचा. खर्च एक नाव न सांगितलेला दाता करणार होता. समारंभ चालवणाऱ्या प्रतिष्ठित बाईंना हा दाता कोण हे कळू दिले नाही. मग एका रेशीम कंपनीच्या प्रमुखाला पटवण्यात आले की यंदा हिरव्याला तेजी येणार. त्याने फॅशनच्या पानांच्या संपादकांना जेवण दिले. त्या जेवणातले पदार्थसुद्धा हिरवे होते. चित्रकलेच्या एका प्राध्यापकाने हिरव्या रंगाचे कलेतील स्थान सांगितले, मानसशास्त्राच्या एका जाणकाराने हिरव्याचा मनावर होणारा परिणाम सांगितला. रंगांच्या फॅशनची माहिती देणारे एक कार्यालयही उभे राहिले आणि त्याची पत्रके दुकानदारांकडे, सजावटकारांकडे, वर्तमानपत्रांकडे जाऊ लागली.

त्या वर्षी वर्तमानपत्रांत 'हिरव्याची फॅशन आली' अशा बातम्या आल्या. त्यातली एकही खोटी नव्हती. समारंभ झाला होता, प्राध्यापक बोलले होते, रेशमाचे हिरवे ताके बाजारात आले होते. एकच गोष्ट कोणी छापली नाही, ती म्हणजे या सगळ्याचे बिल सिगारेट कंपनी भरत होती. रेशीमवाल्याने माल रंगवला, दुकानदाराने साठा भरला, शिंप्याने कपडे शिवले, आणि हे सगळे आपण बाजाराचा कल ओळखून करतो आहोत असेच प्रत्येकाला वाटले. रंगाऱ्याची कढई उकळत होती ती कोणाच्या लाकडावर, हे त्या रंगाऱ्यालाच माहीत नव्हते. पुढे १९४२ मध्ये कंपनीने पाकीट पांढरे केले आणि जाहिरात अशी दिली की हिरवा रंग लढाईवर गेला आहे, कारण हिरव्या शाईतला धातू फौजेला हवा आहे. पांढरे पाकीट स्त्रियांना अधिक पसंत पडते, ही गोष्ट त्या जाहिरातीत नव्हती.

सिगारेटच्या पाकिटापर्यंत हे गमतीचे वाटते. लढाईपर्यंत गेले की रक्त गोठते. इराकने ऑगस्ट १९९० मध्ये कुवैत घेतले. १० ऑक्टोबर १९९० रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी संसदेच्या काही सदस्यांच्या मानवाधिकार गटापुढे नैयरा नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीने रडत साक्ष दिली की इराकी शिपायांनी रुग्णालयात इन्क्युबेटरमधली अर्भके बाहेर काढून मरायला टाकली. दूरचित्रवाणीने ते दाखवले, राष्ट्राध्यक्ष बुश यांनी पुन्हा पुन्हा सांगितले. जानेवारी १९९२ मध्ये, लढाई संपून गेल्यावर, बाहेर आले की ती अमेरिकेतील कुवैतच्या राजदूतांचीच मुलगी होती आणि साक्षीची तयारी हिल अँड नोल्टन या प्रसिद्धी कंपनीने करून घेतली होती. अर्भकांच्या त्या कहाणीला नंतरच्या चौकशांत पुष्टी मिळाली नाही. इराकी फौजेने कुवैतमध्ये जुलूम केलेच नाहीत असे आम्ही म्हणत नाही, ते केले होते. पण खऱ्या जुलमाच्या गाठोड्यात एक बनावट नग घालून सगळा माल एकाच भावाने विकला गेला.

दुसरे उदाहरण अधिक बारीक आहे. २४ सप्टेंबर २००२ रोजी ब्रिटिश सरकारने इराकच्या शस्त्रांबद्दल एक पुस्तिका काढली. तीत म्हटले होते की इराक काही रासायनिक-जैविक शस्त्रे ४५ मिनिटांत सज्ज करू शकतो. लंडनच्या काही पत्रांनी मथळे असे दिले की जणू हल्ला पाऊण तासावर येऊन ठेपला आहे आणि सायप्रसमधले ब्रिटिश तळ आता उडणार. मूळ गुप्त माहिती मात्र रणांगणावर वापरायच्या लहान पल्ल्याच्या शस्त्रांविषयी होती. आकडा ठेवला गेला, त्याला जोडलेली मर्यादा गळून पडली. २००४ मध्ये लॉर्ड बटलर यांच्या चौकशीने ठपका ठेवला की आकडा कशाबद्दल आहे हे न सांगता तो छापायला नको होता. तोपर्यंत बगदाद पडून वर्ष उलटले होते, आणि ती शस्त्रे काही सापडली नाहीत. कॅम्पबेल यांनी ऑगस्ट २००३ मध्ये राजीनामा दिला. लॉर्ड हटन यांच्या चौकशीने जानेवारी २००४ मध्ये त्यांना आरोपातून मोकळे केले, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

वाचक म्हणतील, हे झाले मोठ्यांचे. आपण मालेगाव-भिवंडीचे, आपल्याला कोण डॉक्टर फिरकी देणार? आम्हालाही असेच वाटे. काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतर एका व्यापारी पानावर बातमी आली की बाजार समित्यांमध्ये कापसाची साप्ताहिक आवक मागील वर्षीच्या त्याच आठवड्याच्या मानाने निम्म्यावर आली असून सुताचे दर भडकण्याची शक्यता आहे. आम्ही त्याच दुपारी सुताच्या बॅगांचा मोठा सौदा केला, काही रक्कम उसनी घेऊन. पंधरवड्यात दर उतरले. उतरत्या भावात माल काढताना जो तोटा झाला तो भरून निघायला पुढची ईद उलटली. मुलीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेला हात लावावा लागला, म्हणून तो आकडा अजून विसरलो नाही.

नंतर शांतपणे कॅलेंडर काढून पाहिले. ज्या आठवड्याची आवक निम्मी होती, तो दिवाळीचा आठवडा होता. समित्या बंद होत्या. मागील वर्षी दिवाळी त्या आठवड्यात नव्हती, म्हणून त्या वर्षीचा आकडा भरगच्च होता. बातमीतला आकडा सोळा आणे खरा, तुलनाही खरी, फक्त दिवाळी गाळलेली. दलालाकडून पुढे कळले की ते टिपण एका सूत साठेदाराकडून तयार होऊन गेले होते, त्याच्याकडे जुना माल पडून होता. बातमीदाराने कसलेही पैसे घेतले नव्हते. त्याला आयता, आकड्यांसह लिहिलेला मजकूर मिळाला आणि त्याने तो छापला. 'सूत घ्या' हा इन्शाइया 'आवक घटली' या खबरियाच्या घडीत गुंडाळून आमच्या पेढीवर आला होता.

इथे एक फरक करायला हवा. आपल्याकडे ज्याला 'पेड न्यूज' म्हणतात ते प्रकरण याहून ओबडधोबड आहे. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीनंतर पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये दाखवून दिले की एकाच नेत्याची तीच स्तुती शब्दाला शब्द जुळवून वेगवेगळ्या पत्रांत बातमी म्हणून आली होती. प्रेस कौन्सिलने दोन सदस्यांची समिती नेमली. समितीने २०१० मध्ये नावानिशी अहवाल दिला, पण कौन्सिलने तो पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध केला नाही. माहिती अधिकाराच्या रेट्याने २०११ मध्ये तो बाहेर आला. त्यात जागा विकत घेतली जाते. स्पिन डॉक्टर जागा विकत घेत नाही. तो बातमीदाराचा आळस, घाई आणि भीड यांवर काम करतो, म्हणून त्याची पावती कुठेच सापडत नाही.

आपल्या दीनमध्ये व्यापाराचे जे नियम आहेत त्यांत या कारागिरीला फार पूर्वी ओळखले गेले आहे. लिलावात ज्याला माल घ्यायचा नाही अशा माणसाने केवळ भाव चढवण्यासाठी बोली लावणे याला 'नज्श' म्हणतात आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ते मना केले आहे. विकण्याआधी जनावराचे दूध काही दिवस न काढता कास फुगवून दाखवण्यालाही मनाई आहे, आणि फसलेल्या ग्राहकाला जनावर परत करण्याचा हक्क आहे. विचार करा, कास खोटी नाही, दूधही खरे आहे. धान्याच्या ढिगाऱ्याची हदीस तर लहानपणापासून ऐकलेली. प्रेषितांनी (स.) ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली. दुकानदाराने पावसाचे कारण सांगितले. प्रेषितांनी (स.) विचारले की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस? दुकानदार पावसाबद्दल खोटे बोलला नव्हता. वर काय ठेवायचे आणि खाली काय, एवढेच त्याने ठरवले होते. बातमीचा ढीग रचणाराही एवढेच ठरवतो. आणि पवित्र कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये ऐकणाऱ्यावरही जबाबदारी टाकलेली आहे. बेभरवशाच्या माणसाने खबर आणली तर आधी खातरजमा करा, नाहीतर नकळत कोणाचे नुकसान करून बसाल आणि पस्तावाल.

कापडाचे पारखी म्हणून आपल्याला हे अवघड जाऊ नये. विरळ विणीच्या कापडाला खळ चढवली की ते हाताला भरदार लागते, इस्त्री केली की चमकते, आणि एका धुण्यात जाळी होऊन बसते. म्हणून जाणता घेणारा ताका उलगडून कोपरा चोळतो, उजेडाकडे धरतो, वजन पाहतो. बातमीचा कोपराही चोळता येतो. 'सूत्रांनी सांगितले' असेल तर त्या सूत्राकडे विकायला काय पडले आहे हे पाहावे. 'निम्म्याने घटली', 'दुपटीने वाढली' असे असेल तर कशाच्या मानाने, कोणत्या आठवड्याच्या, हे विचारावे आणि त्या आठवड्यात ईद, दिवाळी, संप किंवा पाऊस होता का ते कॅलेंडरवर पाहावे. एकाच दिवशी दोन-तीन ठिकाणी तेच शब्द त्याच क्रमाने आले तर समजावे की लिहिणारा हात एकच आहे. आणि वाचून झाल्यावर आपल्याला लगेच काहीतरी करावेसे वाटू लागले तर त्या दिवशी सौदा करू नये. आम्ही आता एक रात्र जाऊ देतो. त्यामुळे दोन चांगले सौदेही हातचे गेले, हे कबूल केले पाहिजे.

मागल्या रमजानच्या आधी एका पत्राचा जाहिरात प्रतिनिधी आमच्याकडे आला. माणूस अदबीचा, चहा घेतला, वडिलांची विचारपूस केली. म्हणाला, ईदनिमित्त पुरवणी काढतो आहोत, तुमच्या पेढीच्या वाटचालीवर लेख छापू, मजकूर आम्हीच लिहू, तुम्ही फक्त फोटो द्या. आम्ही दर विचारला. त्याने सांगितला. मग आम्ही विचारले, वर 'जाहिरात' हा शब्द छापला तर? तो म्हणाला, "हाजीसाहेब, मग निम्मा दर लागेल, पण तो शब्द असला की कोणी वाचत नाही." आम्ही निम्मा दर देऊन दोन इंची चौकट घेतली आणि वर तो शब्द ठळक टाकायला सांगितला. चौकट छापून आली, पेढीच्या नावातला एक काना गळलेला होता.